धावणाऱ्यांच्या वाट्याची हवा

पहाटेची हवा शुद्ध असते, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. आजोबांनी वडिलांना सांगितलं, वडिलांनी आपल्याला सांगितलं. आता साखरेचा रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टरही तेच सांगतात: सकाळी लवकर उठा, पाऊण तास भराभर चाला. त्या सल्ल्यात काही वावगं नाही. या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार जवळजवळ निम्मे प्रौढ भारतीय पुरेशी हालचाल करत नाहीत. अशा देशात बूट घालून घराबाहेर पडलेल्या माणसाला परत फिरवणं हा गुन्हाच ठरेल, आणि तसा माझा मुळीच इरादा नाही. मला सांगायचंय ते एवढंच की व्यायाम करणं हे नागरिकाचं कर्तव्य मानायचं, तर तो ज्या हवेत करायचा ती हवा नीट ठेवणं हे शासनाचं आणि महापालिकेचं कर्तव्य आहे. हे दुसरं कर्तव्य आज पार पाडलं जात नाही. त्याची किंमत सर्वाधिक मोजतात ते व्यायाम करणारेच.

आधी पहाटेचं बघू. दिवसा ऊन जमीन तापवतं, तापलेली हवा वर चढते आणि तिच्याबरोबर धूर-धूळही उंच जाऊन विरते. हिवाळ्याच्या रात्री उलटं घडतं. जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि तिच्या डोक्यावर उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. रात्रभर शहरात शिरलेल्या ट्रकांचा धूर, भट्ट्यांचा धूर, रखवालदारांच्या शेकोट्या, कचऱ्याच्या ढिगातली आग, सगळं त्या झाकणाखाली साचत जातं. ऊन चांगलं वर येईपर्यंत ते हलत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या बहुतेक शहरांत सूक्ष्म कणांचं प्रमाण रात्री उशिरापासून सकाळी आठ-नऊपर्यंत चढलेलं असतं आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास उतरतं. गारठा, धुकं आणि शांतता यांमुळे ती हवा आपल्याला स्वच्छ वाटते. ज्याला आपण धुकं म्हणतो त्यात बऱ्याचदा धूर मिसळलेला असतो, एवढाच फरक.

मुंबईकरांना वाटतं, आपल्याला समुद्र आहे. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे खरोखरच या शहराची हवा धुऊन काढतात. पण थंडीत हे वारे मंदावतात, दिवसाचा खारा वारा उशिरा सुरू होतो आणि मधला वेळ शहर आपल्याच धुळीत बसून राहतं. २०२२-२३च्या हिवाळ्यात मुंबईने हे चांगलंच अनुभवलं. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ अखेर, महापालिकेला बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे लावण्याचे, पाणी फवारण्याचे नियम काढावे लागले आणि उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. मुंबईची प्रसिद्ध मॅरेथॉनही भरते ती जानेवारीतच, भल्या सकाळी. धावणाऱ्यांच्या दृष्टीने तापमान योग्य. हवेच्या दृष्टीने वर्षातल्या वाईट महिन्यांपैकी एक.

ही हवा सगळेच घेतात, मग व्यायाम करणाऱ्याचं वेगळं काय? वेगळं आहे ते प्रमाण आणि वाट. खुर्चीत बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. तोच माणूस रमतगमत धावू लागला की चाळीस-पन्नास लिटर, आणि दम लागेपर्यंत पळाला की शंभरच्या वर. शिवाय एका टप्प्यानंतर नाक पुरत नाही, तोंड उघडतं. नाकातले केस, ओलावा, वळणं ही निसर्गाने बसवलेली चाळणी त्यामुळे बाजूला पडते. श्वास खोल जातो, त्यामुळे कणही खोल जातात. आपण ज्याला पीएम २.५ म्हणतो ते कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान. ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्याहूनही बारीक, अतिसूक्ष्म कणांवर २००३ साली झालेल्या एका प्रयोगात दिसलं की विश्रांतीच्या तुलनेत व्यायामात फुप्फुसांत साचणाऱ्या कणांची संख्या साडेचार पटींहून अधिक होती. अर्धा तास धावणाऱ्याच्या फुप्फुसांत जेवढे कण साचतात, तेवढे बाकावर बसलेल्याच्या फुप्फुसांत साचायला दोन तासांहून अधिक लागतील.

त्याचं शरीरात काय होतं, हे लंडनमध्ये फार नेटकेपणाने तपासलं गेलं. ऑक्सफर्ड स्ट्रीट हा तिथला गजबजलेला बाजाररस्ता. अभ्यासाच्या काळात तिथे मुख्यतः डिझेलवर चालणाऱ्या बसगाड्या आणि टॅक्सींचीच ये-जा असे. जवळच हाइड पार्क. साठी ओलांडलेल्या ११९ जणांना संशोधकांनी एके दिवशी रस्त्यावर आणि दुसऱ्या एका दिवशी बागेत, दोन-दोन तास चालायला लावलं. काही जण निरोगी, काहींना दम्यासारखा फुप्फुसांचा जुना विकार, काहींना हृदयविकार. बागेत चालल्यावर तिन्ही गटांची फुप्फुसं सुधारली, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला, आणि हा फायदा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. रस्त्यावर चालल्यावर मात्र त्यातला बराचसा फायदा पुसला गेला. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली छापून आले. मला या प्रयोगातली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते की माणसं तीच होती, पायही तेच आणि वेळही तेवढाच. फरक फक्त रस्त्याचा होता. आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची ती हवासुद्धा आपल्या कुठल्याही मोठ्या चौकातल्या जानेवारीच्या सकाळपेक्षा वाईट नव्हती.

हृदयाचं तर आणखी गंभीर आहे. एडिंबरोच्या डॉक्टरांनी २००७ साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या वीस पुरुषांना तासभर विरळ केलेला डिझेलचा धूर देत मधूनमधून सायकल मारायला लावली. त्यांच्या ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडत असल्याच्या खुणा स्वच्छ हवेतल्या व्यायामापेक्षा ठळक दिसल्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं जे द्रव्य शरीर स्वतः सोडतं, तेही कमी सुटलं. अँजिओप्लास्टीनंतर ‘रोज चाला’ हा सल्ला घेऊन जे लोक रहदारीच्या रस्त्याकडेने चालतात, त्यांच्या डॉक्टरांनी ‘किती’बरोबर ‘कुठे’ हेही लिहून द्यायला हवं. अजून तरी तसं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती टाळून चालणार नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली एक गणित मांडलं: चालणं आणि सायकल चालवणं यांचा फायदा एका पारड्यात, त्या वेळी घेतलेल्या हवेचा तोटा दुसऱ्यात. जगातल्या सरासरी शहरी हवेत फायद्याचं पारडं इतकं जड निघालं की दिवसातले कित्येक तास सायकल चालवली तरी ते हलकं पडत नाही. पीएम २.५चं प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरात मात्र दिवसाला दीड तासापेक्षा जास्त सायकल चालवली की तोटा वरचढ ठरतो. चालण्याच्या बाबतीत तीच मर्यादा दहा तासांच्या पुढे आहे. डेन्मार्कमध्ये पन्नास हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तिथेही व्यायाम करणारे जास्त जगले, प्रदूषित वस्तीत राहूनही. म्हणजे व्यायाम सोडणं हा उपाय नाही, हे पक्कं. मुंबई-पुण्याची वर्षाची सरासरी शंभराच्या बरीच खाली आहे. तुम्ही रोज पाऊण तास चालत असाल, तर चालत राहा.

पण या अभ्यासांच्या आडोशाने निश्चिंत होणं मला मान्य नाही. डेन्मार्कमधली ‘प्रदूषित’ वस्ती आपल्याकडे स्वच्छ म्हणून गणली जाईल. केंब्रिजचं गणित वर्षाच्या सरासरीवर आणि मरणाच्या आकड्यावर बेतलेलं आहे. हिवाळ्यातल्या चार महिन्यांत छातीत येणारी घरघर, मुलाचा हुकलेला सराव, दम्याच्या पंपावर वाढलेला खर्च त्यात येत नाही. आणि त्यात धावणं नाही. दक्षिण कोरियात विशी-तिशीतल्या चौदा लाखांहून अधिक तरुणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कमी प्रदूषणात व्यायाम वाढवणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका घटला. जास्त प्रदूषणात खूप व्यायाम वाढवणाऱ्यांच्या बाबतीत तो उलट वाढलेला दिसला. तिथलं ‘जास्त प्रदूषण’ आपल्या मापाने मध्यमच होतं. मुलांचंही तसंच. दक्षिण कॅलिफोर्नियात साडेतीन हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. जास्त ओझोन असलेल्या गावांत तीन किंवा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना नव्याने दमा जडण्याची शक्यता न खेळणाऱ्यांच्या तिप्पट निघाली. कमी ओझोनच्या गावांत खेळण्याने असा काहीच फरक पडला नाही.

मनाबद्दल आपण फार कमी बोलतो. व्यायाम करणाऱ्याला विचारा, तो वजनाआधी मनाचं सांगेल: सकाळी चाललं की दिवस हलका जातो, झोप लागते, चिडचिड कमी होते. यामागे मेंदूतली रसायनं आहेत. मेंदूच्या पेशींच्या नव्या जोडण्यांना मदत करणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन व्यायामाने रक्तात वाढतं. बेल्जियममध्ये २०११ साली काही स्वयंसेवकांनी वीस मिनिटं सायकल चालवली, एकदा अँटवर्पच्या वाहत्या हमरस्त्यालगत, एकदा गाळलेल्या हवेच्या खोलीत. खोलीत हे प्रथिन वाढलं, रस्त्यालगत वाढलं नाही. त्याच संशोधकांनी पुढे बारा आठवड्यांचा धावण्याचा कार्यक्रम शहरात आणि ग्रामीण भागात घेतला. शरीर दोन्हीकडे सुधारलं, पण मेंदूच्या चपळाईची चाचणी फक्त ग्रामीण गटाची सुधारली. हे प्रयोग लहान आहेत, त्यांच्यावर सगळा डोलारा उभा करू नये. पण ते एकटेही नाहीत. सूक्ष्म कणांचा आणि नैराश्याचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसला आहे. मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या मृतांच्या मेंदूत ज्वलनातून तयार होणारे लोहाचे सूक्ष्म कण सापडले आहेत. ते नाकातून वास नेणाऱ्या चेतेच्या वाटेने पोहोचत असावेत, असं संशोधकांचं म्हणणं आहे. उदासीवर उपाय म्हणून ज्याला चालायला सांगितलं, त्याला ते औषध आपण अर्ध्या मात्रेत देतोय, असा याचा अर्थ होतो. आणि हवा वाईट म्हणून तो घरीच बसला, तर सोबती, ऊन, कट्ट्यावरच्या गप्पा हे सगळंच सुटतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या दिवसात सकाळचं फिरणं सोडलं तर दुसऱ्या माणसांची सोबत नसते, हे आपण आपल्याच घरांत पाहतो.

मग लोक म्हणतात, वेळ बदला, जागा बदला. सल्ला योग्य आहे. हिवाळ्यात ऊन वर आल्यावर किंवा दुपारी उशिरा चाला. उन्हाळ्यात मात्र दुपारी ओझोन चढतो, तेव्हा सकाळच बरी. हमरस्ता सोडून दोन गल्ल्या आत शिरलात तरी डिझेलच्या धुराचं प्रमाण बरंच खाली येतं. वाईट दिवशी पळण्याऐवजी चाला. पण हा सल्ला ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्यालाच पाळता येतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पाहा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर, पहाटे साडेचार-पाचला, हमरस्त्याच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून ही मुलं पळताना दिसतात. मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर. मैदान नसतं, असलं तरी दिवे नसतात. दिवसा शेतावर, गोदामात किंवा दुकानात काम असतं, म्हणून पहाट. डांबरी रस्ता सपाट, अंतर मोजायला किलोमीटरचे दगड आयते, म्हणून हमरस्ता. अंगावरून ऊस आणि वाळूचे ट्रक जातात. चंद्रपूरसारख्या ठिकाणी वीजकेंद्राची राख आणि कोळशाच्या गाड्यांची धूळ त्यात मिसळते. ही मुलं मिनिटाला शंभर लिटर हवा ओढत असतात, दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी, सर्वांत वाईट जागी, आणि तेही सरकारी नोकरीसाठी. या मुलांना संध्याकाळी अर्धा तास दिवे असलेलं मैदान देणं एखाद्या तालुक्याला अशक्य आहे, असं मी मानायला तयार नाही.

झाडूवालीचं, हमालाचं, सायकलवरून डबे पोहोचवणाऱ्याचं, गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलणाऱ्या बाईचं कामही शरीराच्या दृष्टीने दिवसभराचा व्यायामच आहे. त्यांना ‘वाईट दिवशी श्रम टाळा’ असं कोण सांगणार? दिल्लीत डिसेंबर २०१७ मध्ये कसोटी सामन्यात श्रीलंकेचे खेळाडू मास्क लावून उतरले, गोलंदाज मैदान सोडून गेले, खेळ थांबला आणि साऱ्या देशाने हवेची चर्चा केली. त्याच मैदानाबाहेर त्याच दिवशी हातगाडी ओढणाऱ्याची चर्चा झाली नाही.

आपले निकषही आपल्याला झोपवून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ची चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम केली. आपली २००९ पासून ६० आहे. मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक याच मापाने ‘समाधानकारक’ ठरवतो, म्हणजे जागतिक मर्यादेच्या चौपट कण असले तरी रंग हिरवाच. त्या रंगावर विसावून माणूस धावायला निघतो. २०१९ साली जानेवारीत केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘फिट इंडिया’ सुरू केलं. महाराष्ट्रातली १९ शहरं स्वच्छ हवेच्या यादीत आहेत. लोकांना पळायला सांगणाऱ्या कार्यक्रमात मैदानावरची हवा मोजण्याचं कलम असायला हवं होतं, आणि हवा सुधारणाऱ्या कार्यक्रमात मैदानं आधी. हे दोन्ही कार्यक्रम एकमेकांशी बोलत नाहीत, ही त्यांची मोठी उणीव आहे.

आपल्या व्यायामाच्या जागांची स्थिती काय आहे? दादरचं शिवाजी पार्क म्हणजे मुंबईचं व्यायामपीठ. क्रिकेट, मल्लखांब, कट्ट्याभोवती चालणारी शेकडो माणसं. तिथे दहाएक वर्षांपूर्वी टाकलेली लाल माती उन्हाळा-हिवाळ्यात उडते, भोवतालच्या घरांत शिरते, आणि रहिवासी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी करत आहेत. मैदानावर हिरवळ आणि पाणी असलं की धूळ बसते, यात कुठलंही गूढ शास्त्र नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर रोज हजारो पावलं चढतात. त्या टेकडीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याच्या प्रस्तावाशी पुणेकर कित्येक वर्षं झगडत आहेत. त्यांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी हाइड पार्कचा प्रयोग वाचावा. टेकडी ही शहराच्या हृदयविकारावरची उपचाराची जागा आहे आणि तिच्यातून रस्ता नेला की ती ऑक्सफर्ड स्ट्रीट होते. आणि बागेच्या कोपऱ्यात सकाळी सातला पेटवलेला पालापाचोळा तर आपण रोजच पाहतो. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये दंड करावा, असा आदेश हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आहे. झाडणाऱ्याला दंड करून मात्र काही साधणार नाही. त्याला पाला टाकायला खड्डा आणि न्यायला गाडी दिली नाही, तर तो पेटवणारच.

हे सगळं बदलायला पिढ्या लागतात, असा एक निराश समज आहे. तो खरा नाही. २००८च्या ऑलिम्पिकआधी धावपटू हेले गेब्रसेलासीने बीजिंगच्या हवेला घाबरून मॅरेथॉनमधून माघार घेतली होती. स्पर्धेच्या काळात तिथे कारखाने आणि गाड्या आवरल्या गेल्या. तेव्हा १२५ निरोगी तरुण डॉक्टरांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. हवा सुधारताच काही आठवड्यांत दाह आणि रक्त गोठण्याच्या खुणा कमी झाल्या आणि स्पर्धा संपून हवा बिघडताच त्यातल्या काही पुन्हा चढल्या. पुढे त्या शहराने पीएम २.५ची वार्षिक सरासरी २०१३ मधल्या सुमारे ९०वरून २०२१ पर्यंत ३३वर आणली. दक्षिण कॅलिफोर्नियात हवा सुधारत गेली तसं, फुप्फुसांची वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाण जवळपास ८ टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. शरीर क्षमाशील असतं. त्याला संधी दिली की ते लगेच प्रतिसाद देतं.

ती संधी मागणं आपल्या हातात आहे, आणि ती वैयक्तिक मास्क किंवा घरातल्या शुद्धीकरण यंत्राने मिळत नाही. आपल्या वॉर्डातल्या मैदानाशेजारी हवा मोजणारं यंत्र आहे का, हे नगरसेवकाला विचारा. पाला जाळताना दिसला की फोटोबरोबर खड्ड्याची मागणीही पाठवा. भरतीच्या मुलांसाठी संध्याकाळी मैदान आणि दिवे उघडे ठेवायला ग्रामपंचायतीकडून ठराव करून घ्या. आणि तुमच्या मुलांच्या शाळेचा क्रीडामहोत्सव डिसेंबरात सकाळी सातला असेल, तर येत्या पालकसभेत उभं राहून तो दुपारी तीनला घ्यायला सांगा.